कपाटाची किल्ली आणि गोष्टीचं तात्पर्य

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मेढ्याला मी ज्या शाळेत शिकलो तिथे ग्रंथालय म्हणजे एक कपाट होतं. लोखंडी, हिरवट रंगाचं, वरच्या अर्ध्या भागाला काच. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसायच्या आणि पाठींवर पांढऱ्या रंगात घातलेले आकडे. किल्ली कार्यालयात, लेखनिकांच्या टेबलाच्या खणात. हे कपाट वर्षातून दोनदा उघडायचं. एकदा तपासणी आली की, आणि एकदा दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी. पूजेच्या दिवशी वरच्या पुस्तकावर हळदकुंकू पडायचं, मग ते झटकून पुन्हा आत जायचं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण हा काही त्या एकाच शाळेचा दोष नव्हता. १९८० च्या सुमाराला मी पाहिलेल्या बहुतेक शाळांत हेच होतं, आणि आजही अशी कपाटं मला अधूनमधून भेटतात.

मी पाचवीत असताना मराठीला एक नवे सर आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात कार्यालयात जाऊन नोंदवहीत स्वतःच्या नावावर दहा पुस्तकं लिहून घेतली आणि कापडी पिशवीत घालून वर्गात आणली. शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला ते त्यातलं एक उघडायचे आणि वाचायचे. धडा नाही, प्रश्नोत्तरं नाहीत, नुसतं वाचन. माझी पंचाईत अशी, की शुक्रवारी दुपारी मी अब्बांबरोबर जुम्म्याच्या नमाजाला जायचो. परत येईपर्यंत गोष्ट अर्ध्यावर आलेली असायची. मग मागच्या बाकावर बसून आधी काय झालं असेल याचा अंदाज बांधत राहायचं. (लिहायची खोड मला तिथेच लागली असावी.) महिनाभराने सरांनी गोष्टीचा तास शनिवारी सकाळी नेला. का नेला ते वर्गात सांगितलं नाही. अब्बांचं एसटी स्टँडजवळ शिवणकामाचं दुकान होतं. सर तिथे पँटची उंची कमी करून घ्यायला गेले होते, तेव्हा बोलता बोलता हा विषय निघाला होता. मला ते फार वर्षांनी कळलं.

आज त्याच दुकानात मी झेरॉक्सचं मशीन चालवतो, वह्या-पेनं विकतो आणि कविता लिहितो. बी.ए. झालोय, पण शिक्षक नाही. तरी गेली सात-आठ वर्षं मेढ्याजवळच्या एका हायस्कुलात शनिवारी सकाळी एक तास मुलांना पुस्तक वाचून दाखवायला जातो. तिथल्या मुख्याध्यापकांनी एकदा मला कवी म्हणून बोलावलं होतं, नंतर ‘आता नको’ म्हणायचं ते विसरले. बालसाहित्य आणि कुमारसाहित्य शाळेच्या ग्रंथालयात असतं कशासाठी, आणि त्यातून शिकवायचं कसं, याबद्दल त्या तासांतून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी किल्लीचं बघू. शाळेत ग्रंथालय असावं हे आता नुसतं सद्भावनेचं काम राहिलेलं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत ते लिहिलेलं आहे. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यामुळे पुस्तकं आली. पण किल्ली फिरली का? ग्रंथपालाचं पद मुलांच्या पटावर ठरतं. आमच्या जावळीतल्या डोंगरी शाळांचा पट लहान, म्हणून तिथे ग्रंथपाल नसतो. एखाद्या शिक्षकाकडे परीक्षा, सहल, पोषण आहार यांच्या जोडीला ‘ग्रंथालय विभाग’ सोपवलेला असतो. पुस्तक हा शाळेच्या हिशेबात मालमत्तेचा भाग. मुलाने हरवलं, पावसात भिजवलं, धाकट्या भावंडाने फाडलं, तर नोंद जुळवताना उत्तर द्यायचं त्या शिक्षकाने. निर्लेखनाचा कागद वर जाऊन मंजूर होऊन येईपर्यंत त्याची बदलीही होऊन जाते. मग तो काय करणार? कुलूप लावणार. मी शिक्षकांना यात फारसा दोष देत नाही. मुलांच्या हातात गेलेलं पुस्तक झिजणारच. खडू झिजतो, त्याचा जाब आपण विचारत नाही. पुस्तक मात्र नव्यासारखं राहिलं तरच ते नीट सांभाळलं असं आपण समजतो.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच असा, की पुस्तकं आहेत ती वापरण्यासाठी. वाचताना वाटतं, यात काय सांगण्यासारखं? पण जुन्या युरोपातल्या काही ग्रंथालयांत पुस्तकं साखळीने फळीला बांधून ठेवत. आपण साखळी काढली आणि कुलूप लावलं, एवढाच फरक.

कुलपावर उपाय सापडला तो गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात. हे पुस्तक नव्वदेक वर्षांपूर्वीचं. त्यातला लक्ष्मीराम नावाचा शिक्षक चौथीच्या वर्गावर प्रयोग करायला येतो आणि सुरुवात करतो ती गोष्टीपासून. पाठ्यपुस्तकांसाठी प्रत्येकाने वेगवेगळे पैसे खर्च करण्याऐवजी ते एकत्र करून तो वर्गाचं स्वतःचं ग्रंथालय उभं करतो. एकाच पुस्तकाच्या तीस-चाळीस प्रती घेण्यापेक्षा तीस-चाळीस वेगळी पुस्तकं, असा सरळ हिशेब. गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा विचार महाराष्ट्रात आणला, आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये रुजवला.

आम्ही त्या हायस्कुलात एवढंच केलं, की कपाटातली साठ पुस्तकं ‘झिजण्यासाठी’ म्हणून वेगळी काढली. मुख्याध्यापकांनी त्यावर सही केली आणि या साठांपैकी काही गेली तर कुणाला विचारायचं नाही असं ठरलं. खिडकीच्या दोन गजांना दोरी बांधून, चिमटे लावून, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी पुस्तकं टांगली. कपाटात पाठ दिसते, दोरीवर चेहरा दिसतो. मूल चेहरा बघून पुस्तक उचलतं, दाखल क्रमांक बघून नाही. देवघेवीची वही आठवीतल्या दोन मुली सांभाळतात. पहिल्या वर्षी सात पुस्तकं गेली. त्यातली तीन दिवाळीनंतर आपोआप परत आली. कुणी आणून टांगली ते आम्ही शोधलं नाही.

आता वाचून दाखवण्याबद्दल. आपल्याकडे ‘प्रकट वाचन’ म्हणजे मुलाने उभं राहून धड्यातला परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि तो अडखळला की बाकीच्यांनी हसायचं. मी म्हणतो ते वेगळं. इथे मोठ्या माणसाने वाचायचं, मुलांनी ऐकायचं. हायस्कुलातल्या मुलांना कसलं वाचून दाखवता, असं मला एका पालकाने विचारलं होतं. त्याचं उत्तर असं. मुलाला जेवढं वाचता येतं त्यापेक्षा कितीतरी जास्त त्याला ऐकून समजतं. त्याच्या बोलण्यात चार-पाच शब्दांची वाक्यं असतात, पुस्तकात पंधरा शब्दांचं वाक्य येतं. ते आधी कानाने सवयीचं झालं की डोळ्यांनी वाचताना अडत नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता आला नव्हता. त्यातली काही मुलं हायस्कुलात येऊन पोचतात. त्यांच्या हातात जाड पुस्तक देऊन ‘वाच’ म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला वेण्णेच्या पुरात ढकलण्यासारखं आहे. त्यांच्याबरोबर आधी काठावर बसावं लागतं.

वाचून दाखवायला मराठीत एक पुस्तक तयारच आहे, ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याची प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एक आठवण सांगतो. म्हणजे पुस्तकाची घडणच ऐकण्याची आहे. गुरुजी मुळात अमळनेरच्या शाळेतले शिक्षक, छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढणारे. समोर मुलं बसली आहेत हे धरूनच ते लिहीत. एका तासाला एक रात्र असं आम्ही ते वर्षभर वाचलं.

यातल्या ‘अळणी भाजी’च्या वेळी जे झालं ते सांगण्यासारखं आहे. भाजीत मीठ घालायचं राहून जातं. वडील एक शब्द न बोलता जेवतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिच्या लक्षात येतं. वर्षानुवर्षं या गोष्टीचं तात्पर्य ठरलेलं आहे, दुसऱ्याच्या कष्टाला नाव ठेवू नये. मी ते विचारलं नाही. पुस्तक मिटून गप्प बसलो. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, त्यांनी सांगायला पायजे होतं. आईला पण अळणीच खायला लागलं ना.” लगेच दुसरी म्हणाली, “सांगितलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं.” एक मुलगा म्हणाला, “आमच्याकडं ताट भिरकावत्यात.” वर्ग एकदम शांत झाला. मग कुणी चिडवलंही नाही. त्या एका वाक्यानंतर वीस मिनिटं मुलं बोलत होती. घरात कोण आधी जेवतं, कोण शेवटी, उरलं नाही तर काय होतं. तात्पर्य विचारलं असतं तर पहिल्या बाकावरून एक हात वर आला असता, बरोबर उत्तर मिळालं असतं आणि तास दोन मिनिटांत संपला असता.

आपल्या मराठी माणसाला तात्पर्याचं वेड आहे. इसापाच्या आणि पंचतंत्रातल्या गोष्टी आपण ज्या पुस्तकांतून वाचल्या त्यात प्रत्येक गोष्टीखाली जाड टाइपात ते असायचं. मूल हुशार असतं. त्याला कळतं की खालची ओळ पाठ केली की वरची गोष्ट वाचायची गरज नाही. इंग्लंडमधले शिक्षक आणि लेखक एडन चेंबर्स यांनी मुलांशी पुस्तकांबद्दल कसं बोलावं यावर १९९३ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, मुलाला ‘का?’ असा प्रश्न टाकू नका, तो दटावल्यासारखा वाटतो. काय आवडलं, काय नाही आवडलं, कुठे कोड्यात पडलात आणि कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा आलेली दिसली, एवढंच विचारा. मी ते आमच्या बोलीत केलं. ‘का आवडलं?’ ऐवजी ‘सांग की जरा’ म्हणतो. ऐकायला किरकोळ वाटेल, पण ‘कोड्यात कुठे पडलास?’ हा प्रश्न सगळ्यांत उपयोगी आहे. वर्गात ज्याला काही समजलेलं नसतं, त्याच्याकडेही या प्रश्नाचं उत्तर असतं.

हे सगळं भाषेच्या तासापुरतं नाही. तिथल्या विज्ञानाच्या बाई माझ्या तासाला मागे बसून ऐकायच्या. एकदा त्यांनी आपल्या तासाला डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘यक्षांची देणगी’मधली एक गोष्ट वाचली. नारळीकर कोल्हापूरचे म्हटल्यावर मुलांना ते घरचेच वाटले. गोष्ट संपल्यावर बाईंनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली आणि विचारलं, यात खरं विज्ञान कोणतं आणि लेखकाने मनाने घातलेलं कोणतं? मुलं भांडायला लागली, पाठ्यपुस्तकं उघडून पुरावे शोधायला लागली. पाठ्यपुस्तक मुलांनी आपण होऊन उघडलेलं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, असं बाई म्हणाल्या.

पुस्तकं निवडायची कशी, हा पुढचा प्रश्न. इथे मला थोडं माझ्याबद्दल बोलायला हवं.

आमच्या घरात दखनी आणि मराठी दोन्ही. अम्मी ओव्या ऐकून ऐकून ओव्याच म्हणायची. मी वाचायला लागलो तो भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून. बनेश फेणे हा फुरसुंगीचा पोरगा, पुण्याला विद्याभवनात शिकायला आलेला, सायकलवरून उंडारणारा. खेड्यातला मुलगा गोष्टीचा नायक असू शकतो हे मला त्याने शिकवलं. पण त्या कपाटातल्या पुस्तकांत माझ्यासारख्या नावाचा मुलगा मला कधी भेटला नाही. माझ्यासारख्या नावाचा माणूस भेटायचा तो तलवार घेतलेला, नाहीतर फळांची गाडी लावणारा. प्रतापगड आमच्यापासून डोंगरापलीकडेच. सहलीला गेलो की मुलं हसत हसत माझ्याकडे बोट दाखवून खानाचं नाव घ्यायची. मीही हसायचो. त्यात त्यांचा द्वेष नव्हता. माझ्यासारख्या नावाचा दुसरा कुणी त्यांनीही वाचलेला नव्हता, एवढंच. आमच्या घरी सकाळी चहात बटर बुडवून खातात, अम्मी गुरुवारी दर्ग्यात आणि श्रावणात शेजारच्या काकूंच्या सत्यनारायणाला जाते, अब्बा ज्ञानोबा-तुकारामाच्या दिंडीला दुकानातून पाणी पाजतात, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. त्यामुळे ते लिहिण्यासारखं असतं हेच मला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं.

अमेरिकेतल्या प्राध्यापिका रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मुलांच्या पुस्तकांना आरशाची आणि खिडकीची उपमा दिली. काही पुस्तकांत मुलाला स्वतःचं घर दिसतं, काहींत दुसऱ्याचं. काळ्या मुलांना आरसे मिळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याला जोडून त्यांनी असंही म्हटलं, की ज्या मुलांना फक्त आरसेच मिळतात त्यांचंही नुकसान होतं, जग आपल्याएवढंच आहे असं त्यांना वाटायला लागतं. मला हे दुसरं म्हणणं जास्त महत्त्वाचं वाटतं. मुसलमान मुलाची गोष्ट वर्गातल्या दोन मुसलमान मुलांसाठी जेवढी हवी, तेवढीच बाकीच्या अठ्ठावीस जणांसाठी हवी.

आता परिस्थिती बदलते आहे हे आनंदाने सांगतो. फारूक काझी स्वतः शाळेत शिकवतात आणि मुलांसाठी मराठीत लिहितात. त्यांच्या पुस्तकांतली मुलं अब्बू-अम्मी म्हणतात आणि मराठीत विचार करतात. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’ आणि ‘यश’सारख्या पुस्तकमालांतून साध्या घरातलं साधं मूल मराठीत आणलं, उपदेशाशिवाय. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण शिक्षकांसाठी त्यांचं मोठं काम म्हणजे ‘वाचू आनंदे’. बाल गट आणि कुमार गट मिळून चार भाग. मराठीतल्या जुन्या-नव्या चांगल्या लेखनातले वेचे, त्यांच्याबरोबर चित्रं आणि भाषेचे खेळ. चारच पुस्तकं घ्यायची ऐपत असलेल्या शाळेने ही चार घ्यावीत, असं मी बिनदिक्कत सांगतो. पैसेच नसतील तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे, त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या २०१५ साली सुरू झालेल्या ‘स्टोरीवीव्हर’वरही मराठी पुस्तकं मोफत आहेत. माझ्या झेरॉक्सच्या मशीनला त्यामुळे शनिवारी एक बिनपैशाचं काम असतं.

वाचून दाखवणं ज्यांना जमत नाही त्यांनी नाटक करावं. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सोनाळे गावी ‘क्वेस्ट’ ही संस्था २००७ पासून काम करते. त्यांच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात तरुण कलाकार आश्रमशाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी सादर करतात. मुलांनी गोष्ट आधी बघायची, ऐकायची, मग तेच पुस्तक हातात घ्यायचं. मला नाटक येत नाही, पण आवाज बदलता येतो. म्हातारीचा आवाज काढला की मागचा बाकसुद्धा जागा होतो.

आमची मुलं एकदा भिलारलाही जाऊन आली. मेढ्याहून केळघरचा घाट चढून महाबळेश्वरावरून वळसा घालून पाचगणीच्या बाजूला आलं की भिलार. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. वेल्समधल्या ‘हे-ऑन-वाय’ या पुस्तकांच्या गावावरून ही कल्पना सुचली आणि राज्य मराठी विकास संस्थेने ती उभी केली. सुरुवात पंचवीस ठिकाणांनी झाली. कुणाच्या ओसरीत कविता, कुणाच्या माजघरात इतिहास, एका घरी बालसाहित्य. आमच्या मुलांना कुतूहल पुस्तकांपेक्षा स्ट्रॉबेरीचं जास्त होतं, ते मी लपवत नाही. पण एका घरात शिरल्यावर एक मुलगा दारातच थांबला आणि मला हळूच म्हणाला, “सर, इथं विचारायचं कुणाला?” कुणालाच नाही, म्हटलं. घे आणि बस. त्याला ते पटायला वेळ लागला.

याच मुलाबद्दल शेवटी सांगतो. तेव्हा तो आठवीत होता. आमच्या जावळी तालुक्यातली अर्धी घरं मुंबईच्या आधाराने उभी आहेत. कुणी माथाडी, कुणी मार्केटात, कुणी टेम्पोवर. मुलं इकडे आजीकडे. हाही तसाच. आईवडील नवी मुंबईत, धाकटी बहीण त्यांच्याजवळ, आणि हा इकडे म्हातारीला सोबत म्हणून. वर्गात बोलायचा नाही. तेरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी मराठीत मुळात पुस्तकं कमी. परीकथा लहान होतात, कादंबऱ्या मोठ्या. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ मध्ये आली. ती नववीतल्या मुलांवरची आहे, पण मी पाहिलेल्या एका शाळेत ती नववीतल्या मुलांना मिळत नव्हती. तिच्यावर ‘फक्त शिक्षकांसाठी’ अशी चिठ्ठी होती. असो.

मी त्या वर्गात प्रकाश नारायण संत यांचं ‘वनवास’ वाचायला घेतलं. संत आपल्या कराडला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते, २००३ मध्ये गेले. त्यांचा लंपन हा सीमाभागातल्या एका गावात आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा. त्याची बोली कानडी वळणाची. पहिल्या पानाला मुलं हसली, तिसऱ्या पानाला त्यांनी ती बोली उचलली. ‘वनवास’ १९९४ चं, मोठ्या माणसांनी डोक्यावर घेतलेलं. २०२४ मध्ये त्यावर मालिकाही आली. मुलांसाठी म्हणून ते लिहिलेलं नाही, पण माझ्या समोरच्या तीस मुलांतली अकरा आजीकडे राहणारी होती.

दुसऱ्या शनिवारी तास संपल्यावर तो मुलगा माझ्या मागून दारापर्यंत आला.

“सर, त्यो आईकडं कवा जातो?”

मी म्हटलं, “वाच आणि मला सांग.”

पुस्तक त्याने नेलं. महिना झाला तरी आणलं नाही. वही सांभाळणाऱ्या मुलींनी दोनदा त्याच्या नावाखाली लाल रेघ मारली. मी विचारलं नाही. पाचव्या शनिवारी त्याने पुस्तक आणलं. मलपृष्ठावर हळदीचा अंगठा उमटलेला. मुलींपैकी एकीने तो डाग मला दाखवला, दंड घ्यायचा का म्हणून. तो म्हणाला, “आज्जीचा हाय. तिला वाचाय येत न्हाय, मी वाचून दावतो. भाकरी करताना थांब म्हणती आन् पान धरून ठेवती.” एवढं सलग बोलताना त्याला वर्गाने पहिल्यांदाच ऐकलं. मग त्याने विचारलं, याचा पुढचा भाग असतोय का? आहे म्हटलं, ‘शारदा संगीत’. त्याच्या पुढे ‘पंखा’ आणि ‘झुंबर’.

चारपैकी एकच आमच्या कपाटात होतं. मंगळवारी साताऱ्याला कागदाची रिमं आणायला गेलो तेव्हा उरलेली तीन घेऊन आलो. ती झिजण्याच्या साठांमध्येच लावली आहेत, म्हणजे आता त्रेसष्ट झाली. हळदीचा अंगठा तसाच ठेवलाय.